कापून दिलेली पट्टी

गेल्या हिवाळ्यात बाबांना सर्दी-ताप झाला. मी इंग्लंडमध्ये. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "औषध चालू आहे, तू काळजी करू नकोस." कोणतं औषध, असं विचारल्यावर तिने चार गोळ्यांचा एक तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. कात्रीने कापलेला. त्यावर नावाची शेवटची दोन अक्षरं होती आणि अर्धवट तारीख. शेजारीच 650 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची अख्खी पट्टी. तापाला ही, सर्दीला ती, असा आईचा साधा हिशेब.

दुकानदाराला फोन करून घटक विचारायला लावले, तेव्हा कळलं की सर्दीच्या गोळीत 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, शिवाय फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन आहे. तापाची गोळी दिवसातून चार वेळा आणि सर्दीची तीन वेळा, म्हणजे 4100 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत 4000 ही कमाल मर्यादा, आणि बाबांचं वजन पन्नासच्या आत. कमी वजनाच्या, यकृताचा त्रास असलेल्या किंवा रोज दारू घेणाऱ्या माणसाच्या यकृताला त्याहून कमी मात्रेनेही इजा होऊ शकते. यकृताला इजा झाली तरी पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही, आणि उपचार तर लवकर सुरू झाले तरच नीट लागू पडतात. म्हणून मी त्या रात्री झोपू शकलो नाही.

बाबांना रक्तदाबही आहे आणि प्रोस्टेटही. नाक मोकळं करायला घातलेलं फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं, त्यामुळे रक्तदाब वाढू शकतो. क्लोरफेनिरामिन हे अ‍ॅलर्जीचं औषध, त्याने गुंगी येते, प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी अडू शकते. त्यात ते अ‍ॅलर्जीसाठी रोज रात्री सेटिरिझिन घेतात. म्हणजे एकाच कामाची दोन औषधं, आणि रात्री बाथरूमला उठताना तोल जाण्याची भीती. ही सगळी गर्दी एका साध्या सर्दीसाठी.

आपल्याकडे या मिश्र औषधांवर वाद आहे, पण तो बहुधा बंदीभोवती फिरतो. मार्च 2016 मध्ये केंद्राने 344 मिश्रणांवर बंदी घातली, दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि तज्ज्ञांच्या छाननीनंतर सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. ऑगस्ट 2024 मध्ये आणखी 156. मग 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलने लहान मुलं दगावली, आणि चर्चा कारखान्यांच्या तपासणीकडे वळली. ती वळायलाच हवी होती. त्या बाटलीत विष होतं, त्याला माफी नाही. पण ते सिरपही पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन यांचंच मिश्रण होतं. यातल्या शेवटच्या दोन घटकांचं मिश्रण 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं लेबलवर छापा, असा आदेश डिसेंबर 2023 मध्येच निघाला होता. विष नसतं तरीही इतक्या लहान मुलांना ते औषध का दिलं जात होतं, हा प्रश्न मला जास्त अस्वस्थ करतो.

इथल्याशी तुलना करताना मी सावध राहतो, कारण इथेही सगळं आलबेल नाही. सुपरमार्केटच्या मांडणीवर सर्दीच्या मिश्र गोळ्यांची रंगीत खोकी आहेत, आणि त्यांतल्या कितीतरींमध्ये फेनिलेफ्रिन आहे. तोंडाने घेतलेल्या फेनिलेफ्रिनने चोंदलेलं नाक मोकळं होत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने 2023 मध्ये एकमताने सांगितलं. तरी ते विकलं जातंय. तेव्हा परदेशात शहाणपण आणि आपल्याकडे अंधार, असं मी म्हणणार नाही.

दोन गोष्टी मात्र मला मनापासून हव्याशा वाटतात. पहिली म्हणजे अख्खं खोकं. 1998 पासून इथे साध्या दुकानात पॅरासिटामॉलच्या 16 गोळ्यांपेक्षा मोठं पाकीट विकता येत नाही, आणि प्रत्येक खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं की यात पॅरासिटामॉल आहे, पॅरासिटामॉल असलेलं दुसरं काही सोबत घेऊ नका. दुसरी म्हणजे फार्मासिस्टचा प्रश्न. काउंटरवर सर्दीची गोळी मागितली की ती विचारते: कोणासाठी? दुसरं काय चालू आहे? रक्तदाब आहे का? सुरुवातीला मला राग यायचा, हिला कशाला हव्यात चौकशा असं वाटायचं. आता वाटतं, बाबांना हे कोणीतरी विचारायला हवं होतं.

आपल्या दुकानदारांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. समोर दहा गिऱ्हाइकं उभी असतात, अख्खी पट्टी घ्यायची ऐपत प्रत्येकाची नसते, आणि डॉक्टरची फी वाचवायला माणूस दुकानात येतो. चार गोळ्या मागणाऱ्याला चार मिळाव्यात, याला माझी हरकत नाही. पण त्या चार गोळ्यांसोबत घटकांची नावं गेली पाहिजेत, चिठ्ठीवर हाताने लिहून का होईना, आणि मराठीत. बंदीची यादी कितीही लांबवली तरी कायदेशीर, चांगल्या कारखान्यातल्या दोन औषधांची घरात होणारी बेरीज तिने थांबत नाही.

घरी आम्ही आता मिश्र गोळी आणणं बंद केलंय. ताप असेल तर नुसतं पॅरासिटामॉल, नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब आणि वाफ, वर्षावरच्या नातवंडांना खोकल्यासाठी चमचाभर मध. सर्दी आठवडा-दहा दिवसांत बहुधा आपली आपण जाते. मोठ्यांचं कोणतंही नवं औषध आणण्याआधी चालू औषधांची यादी दुकानात दाखवायची. ती आईने वहीच्या पानावर लिहून पाकिटात ठेवली आहे.

परवा तिचा फोन आला. शेजारच्या काकूंना दोन वेगवेगळ्या सिरपच्या बाटल्या दिल्या होत्या, आणि त्या घेऊन त्या आईकडे आल्या होत्या. आईने चष्मा लावून दोन्हींची मागची बाजू मला अक्षर अक्षर वाचून दाखवली. दुसऱ्या बाटलीच्या तिसऱ्या ओळीवर थांबली आणि म्हणाली, "अरे, हे तर पहिल्यातही आहे."