दादांचे 360 दिवस

आतेभावाने व्हिडिओ पाठवला. बंद पडलेल्या शिलाई कारखान्याच्या फाटकाशी बायका बसल्यात, ग्रॅच्युइटी मागतायत. खाली त्याची ओळ: 'यांनीही गिरणी बुडवली वाटतं.' ठाण्यात बाराव्या मजल्यावर बसून असं लिहायला काय जातं! आमचे दादा, म्हणजे माझे वडील, आणि त्याचे वडील एकाच गिरणीत, एकाच पाळीला होते.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपाने गिरण्या बुडाल्या की मालकांना जमिनीचा भाव कळला म्हणून, यावर खुशाल भांडा. देण्यांचा त्याच्याशी संबंध काय? 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा वर्षाला पंधरा दिवसांचा पगार द्यायचा. साचेखात्यातली, मागांच्या खडखडाटातली, दादांची 24 वर्षं म्हणजे 360 दिवस. ते त्यांनी आधीच भरले होते, त्यात कान गेले होते.

इथे इंग्लंडात, लेस्टरला, माझी कंपनी बुडाली तेव्हा लिक्विडेटरने (बुडालेल्या कंपनीचा हिशेब मिटवणाऱ्याने) एक नंबर दिला, मी ऑनलाइन फॉर्म भरला आणि काही आठवड्यांत रिडंडन्सीचे, म्हणजे काम गेल्याच्या भरपाईचे, पैसे सरकारी नॅशनल इन्शुरन्स फंडातून खात्यात आले. सरकार आधी कामगाराला देतं, मग कंपनीकडे वसुलीला जातं. कंपनी कोणी बुडवली, असं मला कोणी विचारलं नाही. आपल्याकडे 2016 च्या दिवाळखोरी कायद्याने कामगाराच्या शेवटच्या 24 महिन्यांच्या देण्यांना तारणवाल्या बँकांच्या बरोबरीने बसवलंय खरं, पण विकायला काही उरलं असेल तर!

हे सगळं मी सहा मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये ऐकवलं. (बायको म्हणाली, भाषण झालं.) त्याचं उत्तर एका ओळीचं: 'आणि तुमच्या लेस्टरचे शिलाईवाले?'

2020 च्या बातम्या त्यानेही वाचल्या होत्या, किमान वेतनाच्याही खाली राबणाऱ्यांच्या. आमच्या शेजारच्या बेन तशाच एका युनिटमध्ये ओव्हरलॉक शिलाई मशीनवर होत्या. पेस्लिपवर सोळा तास, मशीनवर चाळीस. युनिट बंद झालं आणि त्याच जिन्यावर दुसऱ्या नावाने उघडलं. रिडंडन्सीला सलग दोन वर्षं लागतात, ती दाखवणार कशी? फंड कागद वाचतो. देणी बुडवून नव्या नावाने उठणाऱ्या अशा कंपनीला इथे 'फिनिक्स' म्हणतात. लोअर परळला ते नाव गिरणीच्या जागी उभ्या मॉलवर आहे.

बेन फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मी म्हटलं, सिटिझन्स ॲडव्हाइसला जा, तिथे फुकट सल्ला मिळतो. भानगड नको होती. त्या मुकाट्याने गेल्या.

दादांचे पैसे आले ते दादा गेल्यावर. आईला घेऊन युनियनच्या ऑफिसात, मग बँकेत, मग वारसाच्या दाखल्यासाठी हेलपाटे आतेभावाने घातले, अर्ध्या रजा टाकून. मी इथे मॉर्गेज बघत होतो. रविवारी फोन करायचो.

परवा त्याला विचारलं, दादांचा एकूण हिशेब किती झाला होता रे? त्याने आकडा सांगितला, रुपयांवरच्या सुट्ट्या पैशांसकट.