प्लेटलेटचे ‘अमृतकण’ आणि बंद करायला सांगितलेली गोळी

‘प्लेटलेटमधून निघणारे अमृतकण डॉक्टर तुमच्यापासून लपवतात’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. (प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या, रक्तातल्या बारीक पेशी.) त्याचं सार असं: या कणांच्या शोधाला नोबेल मिळालंय, ते शरीर दुरुस्त करतात, म्हणून रक्तात जितके जास्त तितकं उत्तम, त्यांचं इंजेक्शन घेतलं की सांधे, केस, हृदय सगळं सुधारतं, आपल्याच रक्तातले असल्यामुळे धोका शून्य, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या प्लेटलेट मारतात, तेव्हा त्या आजच सोडा. माझ्या आत्याला स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलाय. तिने हे वाचून मला विचारलं, “मग गोळ्या बंद करू का गं?” म्हणून हा खटाटोप, नाहीतर असल्या मजकुराच्या नादी मी लागत नाही.

शेवटच्या दाव्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्यांनी पैसे जातील, याने जीव जाईल.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळ्या प्लेटलेट मारत नाहीत. या गोळ्या चालू असतानाही प्लेटलेटचा आकडा सहसा नेहमीच्याच मर्यादेत, म्हणजे मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाखांत असतो. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं बंद पाडतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ते एन्झाइम तिला पुन्हा बनवता येत नाही. सात ते दहा दिवसांचं आयुष्य ती तशीच, जरा मंदावलेली काढते. क्लोपिडोग्रेल वेगळ्या जागी काम करतं: इतर प्लेटलेटना जमा व्हायला सांगणारा जो रासायनिक निरोप असतो, तो घेणारी जागाच अडवून ठेवतं. स्टेंट म्हणजे रक्ताच्या लेखी परका धातू. त्यावर रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींचा थर चढेपर्यंत तिथे गुठळी व्हायची भीती असते, आणि त्या काळात गोळ्या परस्पर थांबवल्या तर स्टेंट अचानक बंद पडून हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. गोळी कधी कमी करायची, कधी थांबवायची हे ज्याने ती लिहून दिली त्याला विचारायचं. फॉरवर्डला नाही.

आता ‘जितके जास्त तितकं उत्तम’. हे कण म्हणजे काय, ते आधी बघू. प्लेटलेट चेतवली गेली की तिच्या आवरणाला बारीक फुगवटे येतात आणि तुटून वेगळे होतात. काही त्याहून लहान कण तिच्या पोटात आधीच तयार असतात, ते बाहेर टाकले जातात. बहुतेक एका मायक्रोमीटरपेक्षाही छोटे. आवरण असं तुटताना एरवी आतल्या बाजूला राहणारा फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध पदार्थ बाहेर येतो आणि रक्त गोठवणारी प्रथिनं नेमकी त्याच्यावर येऊन बसतात. २००७ साली एका गटाने हे मोजलं: तेवढ्याच पृष्ठभागासाठी या कणांची रक्त गोठवण्याची क्षमता चेतवलेल्या प्लेटलेटच्या ५० ते १०० पट निघाली. स्टेंटवाल्या माणसाला हे कण वाढवायला सांगताय? हृदयविकाराचा झटका, मधुमेह, सेप्सिस (जंतुसंसर्गाने सगळ्या शरीराला होणारी गंभीर बाधा) अशा आजारांत ते रक्तात वाढलेले सापडतात. ते आजाराचं कारण आहेत की परिणाम, हा वाद वेगळा. पण निरोगीपणाची खूण तर नक्कीच नव्हेत.

यात अर्धं सत्य आहे, तेही सांगून टाकते. हे कण शरीराला लागतात. स्कॉट सिंड्रोम या दुर्मिळ आजारात प्लेटलेटची संख्या ठीक असते, पण तो स्निग्ध पदार्थ बाहेर येण्याची यंत्रणाच बिघडलेली असते. हे कण फारच कमी तयार होतात आणि रुग्णाला रक्तस्राव होतो. शिवाय कणांमध्ये वाढीला चालना देणारी प्रथिनं असतात, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी जखमा लवकर भरल्याचं दिसलंय. मग माणसात? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मानवी चाचणीत निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेवर मुद्दाम केलेल्या छोट्या जखमांत हे कण टोचून पाहिले. त्रास झाला नाही, पण जखमाही लवकर भरल्या नाहीत. अमृताची आजची मजल एवढी.

सांध्यांचा दावा तर पार उलटा. २०१० साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या संशोधनात संधिवाताभ (रुमॅटॉइड) रुग्णांच्या गुडघ्यातल्या द्रवात प्लेटलेटचेच हे कण सापडले, आणि ते तिथल्या पेशींना डिवचून सूज वाढवतात असं दिसलं. झिजेमुळे दुखणारा गुडघा हा निराळा आजार आहे, पण मेसेजवाल्याला दोन्ही एकच.

‘आपल्याच रक्तातले म्हणून निर्धोक’ याला काय म्हणावं! मेंदूत अडकणारी गुठळीही आपल्याच रक्ताची असते. आणि विकली जाणारी सगळीच इंजेक्शनं आपल्या रक्तातून बनवलेली नसतात. एक्झोसोम (पेशींनी बाहेर टाकलेले असेच बारीक कण) म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता: नेब्रास्कात अशी उत्पादनं घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता, आणि मंजुरी मिळालेलं असं एकही उत्पादन नव्हतं.

नोबेल? २०१३ चं वैद्यकातलं नोबेल पेशीच्या आत माल कसा इकडून तिकडे जातो यासाठी होतं. पेशीबाहेर पडणाऱ्या प्लेटलेटकणांशी त्याचा संबंध नाही. हे कण १९६७ सालीच पीटर वुल्फ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवले होते आणि त्यांना ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटलं होतं. लपवलंय कोणी?

केसांबद्दल मी लिहीत नाही.

राहता राहिली मेसेजखालची ‘रक्तातले कण मोजून घ्या’ ही तळटीप. रक्त काढताना नळी हलली, प्रयोगशाळेत पोचायला उशीर झाला किंवा प्लेटलेट नीट न काढताच नमुना गोठवला, तर नळीतच नवे कण तयार होतात. त्यातून कण मोजणाऱ्या नेहमीच्या यंत्राला (फ्लो सायटोमीटरला) बरेचसे बारीक कण दिसतच नाहीत. संशोधकांना दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळवताना नाकी नऊ येतात. ती तपासणी करून तुमच्या हातात जो आकडा येईल, त्यावरून गोळी चालू किंवा बंद करण्यासारखं काहीही ठरत नाही.