एच. एल. टॉरीच्या चित्राबाबत खुलासा

एच. एल. टॉरी या ताऱ्याभोवतीच्या नारिंगी वलयांचं एक चित्र ‘हबल या अवकाश दुर्बिणीने काढलेला ग्रहांच्या जन्माचा फोटो’ म्हणून फिरतंय. चित्र अस्सल आहे, माहिती चुकीची. ते २०१४ मध्ये चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणींनी साधारण एक मिलिमीटर तरंगलांबीला, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींत, टिपलं. नारिंगी रंग नंतर भरलेला आहे. वृषभ राशीतला हा कोवळा तारा सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर, धुळीत पुरता गुरफटलेला. त्यामुळे हबलला दृश्य प्रकाशात तिथे फक्त उजळलेला ढग दिसतो. आल्माला मात्र ताऱ्याभोवतीची थंड धूळच दिसते, आणि तिच्यातल्या काळ्या फटीही. या फटी ग्रहांनी पाडल्या असाव्यात, पण तिथे ग्रह थेट दिसलेला नाही. असा ग्रह पीडीएस ७० या दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीत थेट दिसला, अवरक्त प्रकाशात, २०१८ मध्ये. पाठवायचाच तर तो फोटो जरूर पाठवा.