दोघांचा मिळून एक माणूस

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाई असेल त्यांनी पुढे सरका.

सकाळी जिममध्ये पन्नाशीच्या एक बाई, बहुतेक नवीन आलेल्या, डंबेलच्या रॅककडे निघाल्या होत्या. ट्रेनर लगबगीने आडवा आला. "मॅडम, वजनं आत्ता नको. आधी ट्रेडमिल करा, फॅट उतरू दे, मग बघू." बाई निमूट ट्रेडमिलवर. मग हेच महाशय सायकल मारणाऱ्या एका कॉलेजच्या पोराकडे वळले. "कार्डिओ कशाला करतोस? सगळे गेन्स जातील." (कार्डिओ म्हणजे धावणं-सायकलसारखा हृदयाला कामाला लावणारा व्यायाम, गेन्स म्हणजे कमावलेले स्नायू.) पोरगाही निमूट उतरला. एका दमात दोघांचं नुकसान करून साहेब मोबाइलमध्ये डोकं घालून बसले!

ही वाटणी केली कुणी? बायकांनी आणि वयस्कांनी चालायचं, पोरांनी वजनं मारायची. हृदय काय फक्त बायकांना असतं? आणि स्नायू काय चाळिशीनंतर परत करायचे असतात?

आईचा घोटा मोडला तेव्हाची गोष्ट काहींनी ऐकली असेल, परत ऐका. प्लास्टर घालून तिला घरी आणलं आणि नेमकी लिफ्ट बंद. घर तिसऱ्या मजल्यावर. खुर्चीत बसवून वर न्यायचं ठरलं. वरच्या बाजूने पाठ धरायला माझा धाकटा भाऊ, हाफ मॅरेथॉनवाला. खालून पाय धरायला भाचा, ज्याचे दंड कुठल्याच शर्टात मावत नाहीत. माझ्याकडे पिशव्या, एक्स-रेचं पाकीट आणि सूचना देण्याचं खातं. पहिल्या मजल्यापर्यंत झकास. दुसऱ्याच्या निम्म्यात भाच्याचा चेहरा लालबुंद, तोंडाने श्वास, "मामा, थांब, थांब." भाऊ मात्र आरामात गप्पा मारतोय. पण त्याची बोटं बघितली तर पांढरी पडलेली, आणि खुर्चीचा कठडा बोटांच्या टोकांवर आलेला. तेवढ्यात तोही ओरडला, "पकड सुटतेय!" खुर्ची पायरीवर टेकवली. आई वर बसल्याबसल्या म्हणाली, "तुम्हां दोघांचा मिळून एक माणूस करता आला असता तर मी एव्हाना घरात असते."

यापुढे मी काय वेगळं सांगणार? भाऊ वर्षानुवर्षं धावतोय, त्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, दम लागत नाही. पण धावताना हाताच्या पकडीला काम काय मिळतं? शून्य. भाचा छातीवरून भरपूर वजन ढकलतो, पण सात-आठ रेप्स (म्हणजे वजन सात-आठ वेळा उचलणं) मारायच्या आणि मग दोन-तीन मिनिटं बसायचं. जिना दोन-तीन मिनिटं बसू देत नाही.

भाच्याचं यावर उत्तर तयार असतं: "मावशी, कार्डिओने मसल जळतात, संशोधन आहे." आहे ना. रॉबर्ट हिक्सन नावाच्या माणसाने 1980 साली ते केलं. पण त्यातले लोक आठवड्याला पाच दिवस वजनं आणि सहा दिवस जीव जाईपर्यंत सायकल-धावणं करत होते, दहा आठवडे! त्यांचीही ताकद सात आठवड्यांपर्यंत वाढतच होती, मग अडकली आणि शेवटी घसरली. शिवाय त्यांचा दमसास वजनांमुळे अजिबात कमी झाला नाही, हे भाचा कधीच सांगत नाही. तू आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं सायकल मारलीस तर तुझे दंड वितळणार नाहीत रे बाबा.

बरं, मान्य. पॉवरलिफ्टिंगच्या, म्हणजे जास्तीत जास्त वजन उचलण्याच्या, स्पर्धेत उतरणाऱ्याने लेग डेच्या (पायांच्या व्यायामाच्या) दुसऱ्या दिवशी लांब धावू नये. ज्यांना स्फोटक, म्हणजे एका झटक्यात लावायची ताकद लागते त्यांनी दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं. पण आपल्यातले किती जण स्पर्धेत उतरणार आहेत?

आईचंच पुढे सांगते. प्लास्टर कापलं तेव्हा तिची पोटरी केवढीशी दिसली, मला बघवेना. ही बाई रोज संध्याकाळी न चुकता चालायला जाणारी. शुगर, बीपी ताब्यात, चालण्याचे उपकारच आहेत. पण पडायच्या आधीही खुर्चीतून उठताना ती दोन्ही हात टेकायची, आणि आम्ही म्हणायचो, वय झालं. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि सपाट रस्त्यावरचं चालणं त्याला पुरेसं अडवत नाही. फिजिओथेरपिस्ट मुलीने तिला ओट्याला धरून टाचा उचलायला लावल्या, मग खुर्चीतून हात न टेकता ऊठ-बस, मग रबरी पट्टा, मग हातात छोटी वजनं. आई कुरकुरली, पण केलं. आता हात न टेकता उठते. एवढं बघितल्यावर कुणी "मॅडम, वजनं नको" म्हटलं की माझं टाळकं सटकणार नाही तर काय?

आणि "बॉडी होईल" ही भीती! अहो, भाचा टेस्टोस्टेरॉनच्या (पुरुषी हार्मोनच्या) ऐन भरात असून वर्षानुवर्षं घाम गाळतोय तेव्हा कुठे ते दंड झालेत. तुमचे चुकून होणार नाहीत. उलट काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतो. मधुमेह घराघरात असताना आपण हेच टाळतोय.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये साधं सांगितलंय: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम कार्डिओ, आणि शिवाय किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम. "किंवा" नाही, "शिवाय". मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. एकाच दिवशी दोन्ही करायचं असेल आणि ताकद वाढवायची असेल तर पाच-दहा मिनिटं अंग गरम करून आधी वजनं, मग कार्डिओ. दमलेल्या पायांनी स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा) मारले की कंबर दुखावू शकते. बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि वजन उचलताना श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. वेळच नाही म्हणणाऱ्यांचं थोडं पटतं. मग दोन दिवस वजनं धरा आणि बाकी दिवस जमेल तेव्हा भराभर चाला.

माझा राग बहुतेक त्या ट्रेनरवर नाहीच, त्यालाही कुणीतरी हेच शिकवलं असणार. पण बाई ज्या निमूटपणे वळल्या ना, ते डोक्यातून जात नाहीये.

भाचा कमेंटमध्ये भांडायला येईलच, त्याला मी बघून घेते. बाकीच्यांनी इनबॉक्समध्ये प्रोटीन पावडर कुठली घ्यायची ते विचारू नका, मी विकत नाही.