नायिकेचा रंग सांगायची गरज नाही

ऑनलाइन कथामालिका लिहायला घेताय? उत्तम. आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: तुम्ही माणसामाणसांत भेद करत नाही. हे स्वतःला एकदा सांगून टाकलं की पुढे काहीच तपासावं लागत नाही.

नायिका घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहते. नाव इरा. आडनाव देऊ नका, वाचकाला ते बरोबर कळतं. रंगही सांगू नका. वाचक तिला आपणहून गोरी धरतो, आणि शंका राहिलीच तर 'तिचे गाल आरक्त झाले' हे वाक्य हाताशी आहेच. बाकीच्यांचा रंग मात्र आवर्जून सांगायचा. कामवाली मावशी काळीसावळी. तिला नाव नको, मावशी एवढं पुरे. (मावशींना मराठी वाचता येतं आणि त्यांच्याकडेही स्मार्टफोन आहे, हा धोका तेवढा ध्यानात असू द्या.) मैत्रीण 'सावळी असली तरी नाकीडोळी नीटस', म्हणजे तिचं लग्न शेवटच्या भागापर्यंत रखडवता येतं.

येऊरच्या वारली पाड्यावरची मुलगी निरागसच हवी. तिने वाट चुकलेल्या इराला रस्ता दाखवायचा, करवंदांचा द्रोण द्यायचा आणि साध्या जगण्यातलं सुख समजावून निमूट पाड्यावर परतायचं. तिला राग येतो, तिला तलाठी व्हायचंय किंवा इरा तिच्या डोक्यात जाते, असलं काही मनात आणू नका. वाटल्यास बिबट्याच्या तोंडी द्या. इराच्या व्यक्तिरेखेला खोली येते.

कथा नवी मुंबईत घडत असेल तर खलनायक आयता मिळतो. आगरी घ्या. गळ्यात बोटभर जाडीची साखळी, पांढरी गाडी आणि तोंडी आगरी बोलीतली दोन वाक्यं. वाक्यं चुकली तरी हरकत नाही, सीवूड्सच्या सोसायटीत कोणाला कळतंय? मात्र त्याच्या आजोबांपर्यंत जाऊ नका. तिकडे भातशेती आणि मिठागरं लागतात, नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० पासून झालेलं भूसंपादन लागतं, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात आंदोलक शेतकऱ्यांवर झालेला पोलिसांचा गोळीबार आणि त्यात गेलेले पाच जण लागतात. पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी मारलेले हेलपाटे. एवढं सगळं आलं की नायक-नायिका ज्या बाल्कनीत कॉफी पितात ती कोणाच्या शेतावर उभी आहे, असा प्रश्न पडतो आणि प्रेमाचा मूड जातो. तेव्हा साखळीपाशीच थांबा.

खारघरमध्ये आफ्रिकन माणूस दाखवायचा तर तो नायजेरियनच. केनियाचा की सुदानचा, शिकायला आलाय की धंद्याला, या चौकशा कशाला? रात्री रस्त्यावर उभा करा आणि खिशात पुडी ठेवा. इथिओपियातून गुलाम म्हणून आणलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभार चालवत होता आणि १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, हे वाचून आपला ऊर भरून येतो हे खरं. पण ते इतिहासात. लिफ्टमध्ये पर्स घट्टच धरायची.

आता फॅन ग्रुप. पौराणिक मालिकेत द्रौपदी दुधासारखी गोरी असेल तर 'काय ते तेज!' म्हणा. महाभारतात सावळ्या रंगावरूनच तिला कृष्णा म्हटलंय, ही माहिती तिथे देऊन रसभंग करू नका. खरोखरची सावळी अभिनेत्री आली तरच 'कास्टिंग चुकलं' असं लिहायचं. मालिकाच सावळ्या मुलीवर असेल तर गोऱ्या अभिनेत्रीला रंग फासून उभी करण्याची सोय आहे.

आपणच मागास, असा न्यूनगंड मात्र नको. 'द हंगर गेम्स' कादंबरीत रू नावाच्या मुलीची त्वचा गडद तपकिरी आहे, असं लेखिकेने स्वच्छ लिहिलंय. २०१२ साली चित्रपटात त्या भूमिकेत अमांडला स्टेनबर्ग ही कृष्णवर्णीय मुलगी दिसली आणि पुस्तकाच्याच काही चाहत्यांनी ट्विटरवर गळा काढला. कादंबरीत रू मेली तेव्हा रडले होते ते, पण ती ओळ त्यांना दिसलीच नव्हती. वाईट हेतू मनात न आणता इतकं साधतं, यातच तर सगळी खुबी आहे. हेतू ठेवून केलेलं लगेच पकडलं जातं.

तरीही ग्रुपमधली एखादी विचारेल, 'तुमच्या कथेत आमच्यासारखं कोणी कधी नीट का नसतं?' गांगरू नका. 'माझी सख्खी मैत्रीण चेंदणी कोळीवाड्यातली आहे, नारळी पौर्णिमेला मी तिच्याचकडे असते,' असं सांगा. त्या मैत्रिणीने तुमची कथा वाचलीय का, हा विषय निघू देऊ नका. मग म्हणा, 'कला ही कला असते गं, तुलाच सगळीकडे रंग दिसतो.' हे म्हटलं की चाळीसेक बदाम पडतात आणि तिचा प्रश्न वर सरकून दिसेनासा होतो. तिने पुन्हा विचारलं तर अ‍ॅडमिनला सांगून काढून टाका. कारण विचारलं तर लिहायचं: ग्रुपमध्ये फूट पाडते.