६ किलोमीटरच्या चौकोनातून गावचा पाऊस कळत नाही

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘आता ६ किलोमीटरचं मॉडेल आलंय. गावागावाचा पाऊस महिनाभर आधी अचूक कळणार. पंचगंगेच्या पातळीकडं डोळे लावून बसायची गरज संपली.’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पुण्याच्या आयआयटीएमनं (भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं) बनवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली. मॉडेल म्हणजे संगणकावर हवामानाचं गणित मांडणारी प्रणाली. ती नकाशावर चौकोनांची जाळी टाकते आणि प्रत्येक चौकोनाचा हिशेब करते; ‘६ किलोमीटर’ ही त्या चौकोनाची बाजू. आधीचं मॉडेल १२ किलोमीटरचं होतं. पुढची दोन्ही वाक्यं चूक आहेत, शेवटचं तर घातक.

‘गावागावाचा पाऊस’: ६ किलोमीटरचा चौकोन म्हणजे ३६ चौरस किलोमीटर. त्यात येणाऱ्या सगळ्या गावांना मिळून मॉडेल एकच आकडा देतं. तोही सुटा घेऊन चालत नाही, कारण एखादी घडामोड नीट पकडायला सलग सहा-सात चौकोन लागतात. उष्ण कटिबंधातला बराच पाऊस उंच चढणाऱ्या ढगांचा, आणि असा ढग अनेकदा दोन-चार किलोमीटर रुंद. तो एका चौकोनातच बुडून जातो. त्याचा पाऊस ढोबळ सूत्रानं धरावा लागतो. मग जाळी आणखी बारीक का करत नाहीत? कारण चौकोनाची बाजू निम्मी केली की गणित साधारण आठपट वाढतं.

बारीक जाळीचा फायदा आपल्याकडं मोठा आहे, हेही तितकंच खरं. हवामानबदलाच्या जुन्या मॉडेलांत १०० किलोमीटरचा चौकोन असायचा. त्यात धो-धो गगनबावडा आणि कोरडं शिरोळ एकाच सरासरीत जायचं, सह्याद्रीचा कडा सपाट व्हायचा. आता घाट घाटासारखा दिसतो.

‘महिनाभर आधी’: आजच्या नोंदींतली बारीकशी चूकही दिवसागणिक वाढत जाते. रोजच्या हवामानाच्या अंदाजाची मर्यादा साधारण दोन आठवड्यांची. जाळी कितीही बारीक केली तरी ती महिन्यावर जात नाही. त्यापुढं आठवडा सरासरीपेक्षा ओला की कोरडा, एवढा कल सांगता येतो.

‘पातळी बघायची गरज संपली’: मॉडेल पाऊस सांगतं. पूर मात्र धरणातला साठा, विसर्ग आणि नदीत आधीच असलेलं पाणी यांवरही ठरतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटांना, धोका ४३ फुटांना. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. चिखली-आंबेवाडीकरांनो, जनावरं बाहेर काढताना बंधाऱ्यावरचे फूट, राधानगरी धरणाचे उघडलेले दरवाजे आणि प्रशासनाचा इशारा बघा. आणि हा मेसेज ज्यांनी पुढं पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाकावी.