जरासाच करंट येतो

"चप्पल घालून उघड गं, जरासाच करंट येतो."

हे आमच्या सासूबाई माझ्या दहा वर्षांच्या मुलीला सांगत होत्या. ती दुधाचं पातेलं काढायला अनवाणी फ्रिजकडे निघाली होती. आणि सूर कसा, तर ताक जरा आंबट आहे, साखर घालून घे म्हणावं तसा.

जरासाच म्हणजे किती? कुणी मोजलाय? करंट काय मीठ आहे, चवीपुरता घालायला? देवघरातला तो झिरोचा बल्ब असतो ना, तो खरं तर 15 वॅटचा. 60-65 मिलिअ‍ॅम्पियर खातो. आणि करंट गळला की लाइन तोडणारा जो आरसीसीबी घरात असायला हवा, तो 30 मिलिअ‍ॅम्पियरला पडावा लागतो, कारण त्याच्या वर माणसाच्या छातीचं काही खरं नाही. झिरोच्या बल्बाच्या निम्मा! आणि आम्ही त्यावर तोडगा काय काढलाय? फ्रिजसमोर एक रबरी स्लीपर. ती स्लीपर तिथेच असायची, पायपुसण्यासारखी. पाहुणे आले की त्यांनाही सांगायचं. नशीब, तिला हळदकुंकू वाहिलं नाही.

फ्लॅट डोंबिवली पूर्वेला, इमारत 1984 ची, दुसरा मजला, लिफ्ट नाही. गेल्या वर्षी रीसेलमध्ये घेतला. घेताना आम्ही काय काय बघितलं म्हणून सांगू! पाणी किती वेळ येतं, गच्ची गळते का, शेजारी कोण, स्टेशन किती मिनिटं. सासऱ्यांनी होकायंत्र घेऊन वास्तुवाला आणला. त्याने सांगितलं, स्वयंपाकघर आग्नेयेला आहे, अग्नीची दिशा, उत्तम. एका माणसाने एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन एक बोर्ड उघडला नाही. उघडला असता तर कळलं असतं की आमच्या घरात अग्नीची सोय आठही दिशांना केलेली आहे. एजंटला मी विचारलं होतं बरं का. म्हणाला, "वायरिंग एकदम रनिंग आहे मॅडम." रनिंग! सेकंडहँड स्कूटर विकतोय का हा?

आधीच्या मालकांना मी कधी भेटले नाही. रंग नवा, स्विचच्या प्लेटा नव्या, पांढऱ्या, मॉड्युलर, चकचकीत. त्यांना बिल्डिंगमध्ये सगळे भाऊ म्हणतात. "भाऊ म्हणजे हरहुन्नरी माणूस हो! घरातलं सगळं काम स्वतःच्या हाताने. बाहेरचा माणूस कधी लावला नाही." हे कौतुकाने सांगतात. मलाही सुरुवातीला कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, भाऊंना विणकाम का नाही शिकवलं कुणी लहानपणी?

पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा आला. "साहेब नाहीत का घरी?" हा त्याचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, करंट मला लागतो, साहेबांना नाही, तू मलाच सांग. त्याने फ्रिजच्या प्लगमधल्या वायरी उलट्या करून लावल्या, थोडी काळी टेप गुंडाळली, तीनशे रुपये घेतले आणि गेला. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी स्लीपर परत जागेवर.

मग ओळखीतून एक वायरमनकाका मिळाले. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेले, खिशात तारतंत्रीचा परवाना, आणि बरोबर मेगर, म्हणजे वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र. त्यांनी काहीही न बोलता हॉलमधला बोर्ड उघडला, आत बॅटरीचा उजेड मारला आणि मला म्हणाले, "ताई, एक खुर्ची घ्या."

त्या चकचकीत प्लेटेच्या मागे जुनी अ‍ॅल्युमिनियमची वायर होती, इमारतीच्या जन्माची. तिला भाऊंनी तांब्याची नवी वायर जोडली होती. जोडली म्हणजे पीळ दिला होता, शेवया वळतात तसा. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम असं थेट एकत्र बांधलं की दमट हवेत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पूड धरते, सांधा सैल होतो, आणि सैल सांधा तापतो. वर डोंबिवलीचा पावसाळा. जुन्या वायरीवरचं आवरण काकांनी नुसतं बोटाने दाबलं तर कुरडईसारखं मोडून पडलं. कुर्रकन. तो आवाज मी विसरणार नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा!

फ्रिजचं कोडं त्याच्या शेजारच्या बोर्डात सुटलं. थ्री-पिनच्या सॉकेटमध्ये वरचं मोठं भोक अर्थिंगचं असतं ना, त्यात हिरवी वायर येतच नव्हती. मुळात त्या लाइनला अर्थिंग नव्हतंच. मग भाऊंनी काय केलं? एक बोटभर लांबीचा तुकडा घेऊन अर्थ आणि न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, सॉकेटच्या आतच एकमेकांना जोडून टाकले. टेस्ट लॅम्प लावला की पेटतो, बघणाऱ्याला वाटतं अर्थिंग आहे. काम झालं. आणि पुढे पोटमाळ्यावर न्यूट्रलचा सांधा सैल. त्यामुळे न्यूट्रलवर जो काही व्होल्टेज चढायचा तो सरळ फ्रिजच्या पत्र्यावर. काका म्हणाले, "आत्ता सांधा सैल आहे म्हणून झिणझिण आहे. ज्या दिवशी तुटेल त्या दिवशी दोनशेतीस." म्हणजे ज्याला आम्ही आठ महिने जरासाच करंट म्हणत होतो, तो एका पिळाच्या भरवशावर जरासा होता. आणि त्या हँडलला माझी मुलगी रोज हात लावते.

तो पोटमाळ्यावरचा सांधा काकांनी मला खाली आणून दाखवला. टेप संपली असावी, किंवा काटकसर असावी. त्यावर दुधाची पिशवी गुंडाळली होती. खरंच, दुधाची पिशवी! कापून, धुऊन, वर सुतळीने बांधून. छपाईची निळी अक्षरं अजून वाचता येत होती, फक्त एक बाजू तपकिरी होऊन आकसली होती. शेजारी आमच्या गणपतीच्या मखराचा थर्माकोल. मी त्या पिशवीकडे बघत बसले. रडावं की हसावं ते कळेना, मग नुसता संताप आला.

पुढचं पटापट सांगते, नाहीतर माझाच फ्यूज जाईल. बेडरूमचा एलईडी बटण बंद केल्यावरही रात्री अंधुक मिणमिणायचा. आम्ही दोन बल्ब बदलले, कंपनीला शिव्या घातल्या. कारण होतं, भाऊंनी बटण फेजऐवजी, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीऐवजी, न्यूट्रलवर बसवलेलं. म्हणजे बटण बंद, दिवा बंद, आणि होल्डरमध्ये फेज जिवंत. बटण बंद करून स्टुलावर चढून बल्ब बदलणारा माणूस सावध असूनही मरेल, अशी ही करामत. घरात फेज लाल, न्यूट्रल लाल, अर्थ जिथे होतं तिथे तेही लाल. एक बंडल स्वस्तात मिळालं असणार. बाथरूममधल्या गिझरचं अर्थिंग तारेने नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेलं. सोसायटीने मध्यंतरी बाहेरची सगळी पाइपलाइन प्लास्टिकची करून घेतली, त्यामुळे त्या पाइपाचा जमिनीशी काही संबंधच उरला नव्हता. गिझरची कॉइल फुटली असती तर तो करंट अंघोळ करणाऱ्यालाच शोधत आला असता.

आणि एमसीबी, जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा खटका. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे, कारण ही अक्कल एकट्या भाऊंची नाही, घरोघरी आहे. गिझर 2000 वॅटचा, म्हणजे जवळजवळ 9 अ‍ॅम्पियर. त्यात इस्त्री लावली की एमसीबी पडायचा. पडणारच! आत दिव्या-पंख्याची 1 स्क्वेअर एमएमची वायर, तिची ताकद दहाएक अ‍ॅम्पियरची. गिझरला 2.5 ची स्वतंत्र लाइन लागते, एसी असेल तर 4 ची. तर भाऊंनी वायर नाही बदलली. एमसीबी बदलला. 32 अ‍ॅम्पियरचा टाकला. आता पडत नाही! राखणीचा कुत्रा भुंकतो म्हणून त्याला हाकलून मांजर बांधल्यासारखं आहे हे. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, हे आपण दहावीला घोकलेलं आहे. मार्क मिळाले, विसरलो. एमसीबी पडतो तो तुमचा अपमान करायला पडत नाही हो, भिंतीतली वायर वाचवायला पडतो.

बरं, हे घरातलं झालं. खाली मीटररूममध्ये गेलो तर चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये फ्यूज वायरच्या जागी जाड तांब्याची तार, एका नाही, चार जणांच्या. तीच बुद्धी, जुनी आवृत्ती. त्याच खोलीत दोन सायकली, एक मोडका पाळणा आणि नवरात्राचे पडदे. आणि बिल्डिंगचा अर्थिंगचा खड्डा, ज्यात मीठ-कोळसा घालून वेळोवेळी पाणी ओतायचं असतं, तो कुठे आहे विचारलं तर कुणालाच माहीत नाही. बहुतेक पेव्हर ब्लॉकच्या खाली, असं सेक्रेटरी म्हणाले. पार्किंग छान झालंय मात्र.

यावर कायदा नाही असं नाही. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत 45 व्या नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं की वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराने, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं. नंतरच्या नियमांतही ते आहेच. घरच्या माणसाला सूट कशाची, तर बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्याची, तेही मूळ क्षमता न बदलता. भाऊ बल्बपासून सुरू झाले आणि थांबायचं विसरले. आयटीआयला वायरमनचा कोर्स दोन वर्षांचा असतो. पोरं दोन वर्षं का घालवतात तिथे? त्यांना पक्कड धरता येत नाही म्हणून?

नळाचं काम चुकलं की पाणी गळतं, लादी ओली होते, खालचा माणूस भांडायला येतो. वायरिंग चुकलं तरी दिवा लागतो. हीच तर गोम आहे. दिवा लागला की माणूस हात झटकतो आणि म्हणतो, चालतंय. आमचे दीरही हेच म्हणाले, "वहिनी, चाळीस वर्षं चाललंच ना? कशाला भिंती फोडताय?" अहो, चाळीस वर्षांपूर्वी त्या घरात चार ट्यूब, तीन पंखे आणि एक रेडिओ होता! आज त्याच वायरीवर फ्रिज, वॉशिंग मशीन, ओव्हन, गिझर आणि तुमचे तीन चार्जर आहेत. आणि मग पेपरात बातमी येते, "आगीचं कारण शॉर्ट सर्किट असल्याचा प्राथमिक अंदाज." गारपीट झाल्यासारखी. जणू शॉर्ट सर्किट आभाळातून पडलं. पुढे कुणी विचारत नाही की तो सांधा कुणी मारला होता, कशाने गुंडाळला होता.

काकांनी मेगर लावून लाइनी तपासल्या. आवरणाचा रोध एक मेगओहम तरी हवा होता, स्वयंपाकघराच्या लाइनीत काटा शून्यावरून हलेना. सगळं वायरिंग काढावं लागलं. पंधरा दिवस घरात धूळ, डाळीत सिमेंट, सासूबाईंची कुरकूर. नवी पाइप, नवी वायर, गिझरला वेगळी लाइन, प्रत्येक सॉकेटला खरंखुरं हिरवं अर्थिंग, आणि मेनला 30 मिलिअ‍ॅम्पियरचा आरसीसीबी. दोन-तीन हजारांची वस्तू आहे ती. आपण नव्या टीव्हीच्या खालच्या शोकेसला त्याच्या दहापट घालवतो.

काम संपलं त्या संध्याकाळी जुन्या वायरींचं वेटोळं दाराबाहेर ठेवलं होतं, भंगारवाल्यासाठी. पहिल्या मजल्यावरचे आजोबा वर आले. वाकून वेटोळं चाचपलं, एक वायर वाकवून बघितली.

"टाकताय का हे?"

"हो."

"मला द्या की. चांगली आहे अजून. गॅलरीत एक पॉइंट घ्यायचाय, मीच घेईन, जमतं मला. आणि ते खटकेही ठेवा बाजूला."

पहिला मजला म्हणजे आमच्या बरोबर खाली. मी आत गेले, काकांची पक्कड आणली आणि तिथेच दारात बसून सगळ्या वायरींचे वीतवीतभर तुकडे केले. अर्धा तास लागला. तळहाताला फोड आला. आजोबा शेवटपर्यंत उभे होते.

"वाया घालवलीत हो वहिनी," म्हणाले, आणि खाली गेले.